मुलगी बघायला

आम्हा खेळाच्या शिक्षकांची एक वेगळी भाषा असते. ती घरात आणि गावात चालत नाही, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, तेही दुसऱ्याच्या घरात बसून शिरा खाताना.

खेळाडू शोधायला जाणं याला आम्ही कॉलेजवाले सरळ 'मुलगी बघायला जाणं' म्हणतो. कुठं निघालात मॅडम? अळणावरकडं, एक मुलगी बघायला. कशी आहे? उंच आहे, पायात ताकद आहे. मग सोडू नका, दुसरं कुणी उचलेल. हुबळीच्या विद्यानगरातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं हे बोलणं चालू आहे, कधी मराठीत, जास्त करून कन्नडमध्ये, आणि कुणाला त्यात काही वेगळं ऐकू येत नाही. मलाही येत नव्हतं.

अळणावरकडची ही मुलगी मी पहिल्यांदा बघितली ती धारवाडला, पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलींच्या कबड्डी सामन्यांत. गेले होते चढाई करणारी एखादी मिळते का ते बघायला. सगळ्यांना चढाईवालीच हवी असते. टाळ्या तिला, पेपरात फोटो तिचा. बचाव करणारी पकडीत ओठ फोडून घेते आणि तिचं नाव तिच्या गावाबाहेर कुणाला माहीत नसतं. ही डाव्या कोपऱ्यावर उभी होती. उभी म्हणजे गुडघ्यांत वाकून, हात जमिनीलगत सोडून. समोरची बोनस रेषेवर पाय टाकायला आली की तिच्या संघातल्या बाकीच्या मुलींना झेप घ्यायची घाई व्हायची. हिला नाही. ही नुसती बघत राहायची, इतकी शांत की समोरचीला वाटावं, हिचं लक्षच नाही. मग ती समोरची परत फिरायला वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायची, आणि तेवढ्यात हिचे दोन्ही हात तिच्या घोट्याला असायचे. ओरडणं नाही, मांडीवर थाप नाही. उठायची, गुडघ्याची माती झटकायची आणि परत आपल्या कोपऱ्यात.

मी स्वतः कोपऱ्यावर खेळलेली आहे, पण उड्या मारणारी. आधी झेप घ्यायची आणि मग बघायचं पाय कुठं आहे. खेळातही तशीच आणि एरवीही तशीच. त्यामुळे मला तिचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. सामना संपल्यावर तिला गाठायला गेले तर त्यांची गाडी निघून गेलेली. त्यांच्या सरांकडून तिच्या वडिलांचा फोन नंबर घेतला आणि घरी येईपर्यंत दम निघाला नाही म्हणून स्टँडवरूनच लावला.

तो फोन मी नंतर मनात इतक्यांदा परत ऐकला आहे की अजूनही त्यातला शब्द न् शब्द आठवतो.

"मी हुबळीहून बोलते, कॉलेजात मॅडम आहे. तुमची मुलगी आज धारवाडला बघितली. मला फार आवडली."

"होय काय," वडील म्हणाले. मागं ट्रॅक्टर चालू होता.

"घरी येऊन नीट बघावी म्हणते. रविवारी आलं तर चालेल?"

त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "मग आपल्यातलेच की," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "या की, या. कोण कोण येणार?"

"मी आणि माझा मुलगा. गाडी तोच चालवतो."

मुलगा काय करतो, हे त्यांनी विचारलं. इंजिनियर आहे, इथंच कंपनीत, एकुलता एक, मी सांगितलं. माणूस किती अगत्यशील, असं वाटलं मला. मग मी आमची नेहमीची टेप लावली. तुम्हाला काही खर्च नाही अण्णा, राहणं, खाणं, कपडे सगळं आमच्याकडं. शिक्षण पण पुरं करू. तुम्ही फक्त मुलगी पाठवा. पलीकडं त्यांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला. नंतर म्हणाले, "देवानंच तुम्हास्नी पाठवलं म्हणायचं."

हुबळीत आम्ही मराठी बोलणारे 'आपल्यातले' हा शब्द मराठी बोलणारे याच अर्थी वापरतो. देशपांडे नगरात डॉक्टरकडे नंबर लावून बसलं की शेजारची बाई हळूच विचारते, आपल्यातल्याच ना? म्हणजे मराठीच ना. इतक्या कन्नडमध्ये आपली बोली कानावर पडली की माणसाला बरं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. अळणावरच्या बाजूला गावात त्याचा दुसरा अर्थ असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही, एवढंच. आणि माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही.

रविवारी निघालो. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मी धारवाडला सुभाष रोडवर गाडी थांबवायला लावून पेढे घेतले. मुलानं नवा शर्ट घातला होता, कारण परतताना त्याला मित्राकडं जायचं होतं. या दोन्ही गोष्टींनी पुढं आमचा घात केला.

गावात शिरलो तर त्यांच्या दारात सडा-रांगोळी. ओसरीवर शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या घरांची नावं रंगवलेली. वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकाशी उभे. "बर्री बर्री", या या, म्हणत त्यांनी माझ्या मुलाचा हात दोन्ही हातांत धरला. आत मुलीची आई आणि आत्या होत्या. समोरच्या घराच्या पायरीवर बायका बसल्या होत्या आणि आमच्याकडं बघत होत्या. कॉलेजातली मॅडम आली म्हणून एवढं करतात, बिचारी साधी माणसं, असं मी मनात म्हटलं. आईनं पेढ्यांचा बॉक्स हातात घेतला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तो तिनं नेऊन देवापुढं ठेवला.

मग शिरा आला, उप्पीट आलं, आणि मागून चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली. साडीत. मैदानावर जी पाय रोवून उभी असायची ती इथं घोटे बांधल्यासारखी चालत होती. मान खाली. तिनं मला वाकून नमस्कार केला. मला काय वाटावं? वाटलं, गुरू म्हणून करते आहे.

आता पुढचं सांगायला जड जातं. मी तिला समोर बसवलं आणि माझं काम सुरू केलं.

"उंची किती ग?" तिनं सांगितली. "जरा उभी राहा बघू. चाल. वळ. गुडघा दुखतो का वळताना? हात बघू." मी तिचे पंजे हातात घेऊन बोटं दाबून बघितली, मनगट फिरवून बघितलं. "धाप लागते का? कधी काही मोडलंय?"

"न्हाई न्हाई, काय बी न्हाई," वडील घाईघाईनं म्हणाले.

"करंगळी मोडलेली," मुलगी म्हणाली. आईनं तिला कोपर मारलं.

"वय?"

"अठरा पुरी झाली," आत्या म्हणाल्या. "मधी एक वरीस शाळा चुकली तापानं. म्हणून अजून बारावीला."

मी समाधानानं मान डोलावली. समोरच्या पायरीवरच्या बायका आता फाटकापर्यंत आल्या होत्या. हुबळीची माणसं कशी नीट पारखून घेतात, असं त्यांच्यातली एक कन्नडमध्ये दुसरीला म्हणाली. मी ते ऐकलं आणि मला बरं वाटलं.

"आता मुलाला काय विचारायचं असंल तर विचारू दे," आत्या म्हणाल्या.

माझा मुलगा शिरा खाता खाता थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सभ्यपणानं मुलीला विचारलं, "तुम्ही डावीकडंच खेळता का?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं, पण मी उड्या मारणारी बाई, मी थांबून बघितलं नाही. तेवढ्यात आत्यांनी मला विचारलं, "तुमचं देवक काय म्हणायचं, बाई?"

देवक कुणी उगाच विचारत नाही. हवापाण्याच्या गप्पांत देवक येत नाही. ते एकाच कामाला विचारतात. त्या एका शब्दासरशी साडी, शिरा, इस्त्रीचा शर्ट, देवापुढचे पेढे, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. आणि मी त्या मुलीला चालवून, वळवून बघितलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं.

"अक्का, माझी फार मोठी चूक झाली," फाटकापर्यंत जाणार नाही इतक्या हळू मी म्हटलं. "मी सोयरिकीसाठी आले नाही. मी कबड्डीसाठी आले आहे. तिला आमच्या कॉलेजात घ्यायची म्हणून."

मुलाच्या घशात शिरा अडकला आणि तो खोकत राहिला, शेवटी मुलीनंच त्याला पाणी दिलं.

"पण तुम्ही आपल्यातलेच म्हणालासा," वडील म्हणाले.

मी म्हटलं नव्हतं, ते म्हणाले होते. पण त्या वेळी हा मुद्दा काढण्यात काय अर्थ होता? "आम्ही बौद्ध आहोत, अण्णा. आडनाव तेच, पण आम्ही बौद्ध."

माझे वडील रेल्वेत होते. कुणाच्या घरी गेले आणि आडनावावरून समोरच्याचा घोटाळा होतोय असं दिसलं, की ते चहा हातात यायच्या आधी स्वतःहून सांगायचे, आम्ही बौद्ध. ताठ बसून सांगायचे. नंतर चहा आला तर प्यायचे, नाही आला तर उठायचे. माझा चहा पिऊन झाला होता.

मुलीच्या आईची नजर देवापुढच्या बॉक्सवर गेली आणि तिनं ती लगेच खाली वळवली. तिला त्याची लाज वाटली असावी. मला तिच्या लाजेची लाज वाटली. असे आम्ही सगळे एकमेकांकडं न बघता बसलो होतो, आणि फाटकाशी बायका आमचं काय ठरतंय याची वाट बघत होत्या.

पहिल्यांदा वडीलच बोलले, आणि रागावून नाही. "चूक तुमची एकट्याची न्हाई मॅडम. आमीच हुरळलो. पण आता गल्लीभर झालंय. हुबळीचे पाव्हणे बघून गेले आणि पुढं काय कळवलं न्हाई, असं झालं की पोरीत खोट काढत्यात लोक. हळियाळचं एक स्थळ आलंय, त्यास्नी अजून होय म्हटलं नव्हतं. आता बभ्रा व्हायच्या आत उरकून टाकाय लागतंय. कॉलेज ऱ्हाऊ दे."

ज्या मुलीला मी खेळायला न्यायला आले होते तिचं लग्न माझ्या येण्यानं ठरत होतं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या हातातला रिकामा ट्रे तसाच होता.

मग मला एक युक्ती सुचली. मी नेहमीसारखी झेप घेतली.

"अण्णा, असं सांगा की जात वेगळी निघाली. आडनावानं फसलो म्हणा, विचारलं तेव्हा कळलं म्हणा. ते खरंच आहे. मग तुमच्या पोरीला कुणी नाव ठेवणार नाही. लगेच लग्न करायचीही गरज नाही. तिला आमच्याकडं पाठवा."

बोलताना मी स्वतःवर खूश होते. सगळ्यांची सोय होत होती.

वडिलांचा चेहरा निवळला. "ते बरं पडंल," ते म्हणाले. आत्यांनीही मान हलवली. "असं झालं तर मानसं समजून घेत्यात," त्या म्हणाल्या, अगदी मायेनं. आईचा जीव भांड्यात पडला. कुणाच्याही बोलण्यात वाईटपणा नव्हता, आणि तेच मला लागलं. इतक्या सहज पटण्यासारखं कारण मी त्यांच्या हातात ठेवलं होतं, आणि ते कारण मी होते. माझे वडील, माझी आई, माझा हा खुर्चीत बसलेला मुलगा होता. मी मुलाकडं बघितलं. त्यानं बशी खाली ठेवली होती आणि तो आपल्या बुटांकडं बघत होता. इतकी शरम मला त्याच्यासमोर कधी वाटली नव्हती. शब्द परत घ्यावेत असं वाटलं, पण ते घेतले तर मुलगी हळियाळला जाणार होती. मी गप्प बसले.

"तसं नको सांगायला."

मुलगी बोलली होती. आवाज मोठा नव्हता. मैदानावर न बोलणारी ही, घरातही कमीच बोलत असणार, कारण सगळे चकित होऊन तिच्याकडं बघायला लागले.

"मग काय सांगू?" वडील म्हणाले.

"मी नको म्हटलं म्हणून सांगा."

"खुळी काय तू," आत्या म्हणाल्या. "इंजिनियर पोराला पोरगी नको म्हणाली, असं सांगायचं?"

"व्हय."

वडिलांनी हात जोडल्यासारखे केले. "अगं, तसं सांगितलं तर परत कोण येतंय आपल्या दाराला? ह्या पोरीला कोणच पसंत पडत न्हाई म्हणत्यात. हळियाळवाले पण ऐकत्यात."

"न्हाई आले तर न्हाई येऊ देत, आप्पा," ती म्हणाली. "तवर माझं कॉलेज हुतंय." आणि मग माझ्याकडं न बघता, ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत तिनं हळूच जोडलं, "मॅडमनी कशाला ऐकून घ्यायचं? त्या आपल्या घरी आल्यात."

ती इतका वेळ जणू मैदानावरच वाकून, हात खाली सोडून, नुसती बघत उभी होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोन्हीकडून पाय नेमका कधी उचलला जातोय ते बघत. हळियाळचं स्थळ एका बाजूनं आणि माझं शहाणपण दुसऱ्या बाजूनं. तिनं दोन्ही एकाच पकडीत धरलं होतं. मी तिला तपासायला आले होते, बोटं दाबून.

वडिलांनी एकदा फाटकाकडं बघितलं. नंतर उठले आणि मला म्हणाले, "चहा आणखी घेणार काय मॅडम?" मला नको होता, तरी घेतला. या वेळी तो हातात धरताना मी ताठ बसले होते, उशिरा का होईना. निघताना आईनं आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. देवापुढचा बॉक्स तिथंच होता, आणि उघडलेला होता.

अळणावर मागं पडलं तेव्हा मुलानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "आई, म्हणजे मला नकार मिळाला ना?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "पण तू जे सांगायला निघाली होतीस ते नाही बरं." एवढंच तो बोलला आणि पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. मी काचेतून बाहेर बघत रडले. त्यानं ते बघितलं नाही असं दाखवलं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा वडील तिला घेऊन आले, पत्र्याची ट्रंक आणि तांदळाचं पोतं घेऊन. हॉस्टेलला तांदूळ कशाला, म्हटलं, तर म्हणाले, तुमच्या घरला. बाहेर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. माझ्या मनात होतंच, की माणूस शेवटी सोपं तेच सांगतो, आणि सोपं काय ते मीच शिकवून आले होते. मुलगी तर त्यातलं एक अक्षर माझ्याशी बोलली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची, आणि मी बूट बांधत असले की कोपऱ्यात वाकून उभी असायची. तिच्याकडं बघून माझी नजर कितीतरी दिवस खाली जायची. आता मी स्टाफरूममध्येही 'मुलगी बघायला' म्हणत नाही. 'खेळ बघायला' म्हणते. सहकाऱ्यांना वाटतं, मॅडम म्हाताऱ्या व्हायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात धारवाडला आमचा सामना होता. त्यांच्या गावाकडच्या काही बायका सामना बघायला आल्या होत्या, कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या, तशाच इकडं वळलेल्या. त्यांच्यातली एक माझ्या शेजारी टेकली. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिची कळी खुलली आणि तिनं आमच्या डाव्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं.

"ती आमच्या गल्लीतली पोर," ती म्हणाली. "लई नाकाची. हुबळीचा इंजिनियर घर बघत आला, पोराची आई कॉलेजात मॅडम, एक पैसा नको म्हणत होती. हिनं तोंडावर नको म्हणून सांगितलं. तिचा बापच सांगतोय समद्यास्नी, आमच्या पोरीला पसंत पडले न्हाईत म्हणून. तवापासून एक स्थळ आलं न्हाई बघा."

समोर आमच्या विरुद्धची मुलगी चढाईला आली होती आणि बोनस रेषेकडं सरकत होती.

"ती आई मीच," मी म्हटलं.

बाई गडबडली. पदर सावरला, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि खरोखर कळकळीनं विचारलं, "मग काय कमी दिसलं ओ तिला तुमच्यात?"

"तिला काहीच नाही," मी म्हटलं. "कमी मलाच दिसलं होतं."